एकदाच बघायचं!

शनिवारी सकाळी चहा पिता पिता सीरियलईएमचा सोर्स कोड चाळत बसणं हा काही लोकप्रिय छंद नव्हे, मान्य. पण ऑटोमेशनवर पोट असलेल्या माणसाला त्यात एक वेगळीच गंमत सापडते. आपली टेस्ट फेल झाली की आपण काय करतो? परत रन करतो! इथे ती सोयच नाही.

प्रकार असा आहे. प्रथिनांचं द्रावण ३ मिलिमीटर व्यासाच्या जाळीवर पसरून द्रवरूप इथेनमध्ये गोठवतात, इतकं झटकन की बर्फाचे स्फटिक व्हायला वेळच मिळत नाही. (ही युक्ती झाक दुबोशे यांच्या गटाची, १९८०च्या दशकातली. २०१७च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता.) मग इलेक्ट्रॉन सोडायचे. पण ज्या इलेक्ट्रॉनांमुळे रेणू दिसतो, तेच त्याला मोडतात. म्हणून डोस कमी, म्हणून फोटो खरखरीत, आणि म्हणून हजारो-लाखो रेणूंची सरासरी काढायची.

एवढे फोटो माणूस कुठवर काढणार? ब्रिजेट कॅरागर आणि क्लिंट पॉटर यांच्या गटाने, आधी इलिनॉयला आणि मग स्क्रिप्समध्ये, लेजिनॉन केलं. कोलोराडोत डेव्हिड मॅस्ट्रोनार्डे यांनी सीरियलईएम लिहिलं. नमुना तिरका करत गेलं की तो सरकतो. २००५च्या पेपरात त्यांनी दाखवलं, की आधीच्या सरकण्यावरून पुढचं सरकणं वर्तवता येतं. म्हणजे दरवेळी बघून डोस वाया घालवायला नको.

फोकसची तऱ्हा तर मला फारच आवडते. हव्या त्या जागेवर फोकस करायचाच नाही! शेजारच्या कार्बनवर करायचा, तो जळाला तरी चालतो. स्टेजचं हलणं थांबेपर्यंत गप्प बसायचं. मग बीम सरकवून अजून कुणी न बघितलेल्या जागेचा एकच फोटो.

आता जाळीतले चांगले चौकोन निवडायचं कामही मशीन लर्निंगकडे जातंय. इथे मात्र मी जरा बिचकतो. फार पातळ बर्फ दिसायला सुरेख, पण त्यात रेणू बऱ्याचदा एकाच कुशीवर पडलेले असतात, किंवा भोकाच्या मधून कडेला ढकलले गेलेले. म्हणजे गुण जास्त, माहिती कमी. आणि न काढलेला फोटो नंतर कुठल्याच लॉगमध्ये सापडत नाही.

अशा लॅबमध्ये काम करणारा माझा एक मित्र आता रात्री घरी जाऊन झोपतो. पण निघण्याआधी प्रोग्रॅमने नापास केलेले चार-पाच चौकोन हाताने यादीत घालतो. त्याच्या लॅबमधल्या नव्या पोरांना ते कुठले घालायचे हे कळत नाही, कारण ती कधी रात्रभर बसलेलीच नाहीत.