बस जरा

दुपारी दोन वाजले की आमच्या मजल्यावर ताटं बाहेर यायची. कुणाच्या ताटात गहू, कुणाच्या तांदूळ, कुणाच्या भिजवून मोड आलेले वाल. पहिल्या पाळीचे पुरुष अजून गिरणीत, तिसऱ्या पाळीचे आत पंख्याखाली झोपलेले, पोरं शाळेत, नळ सकाळीच गेलेला. त्या तास-दीड तासात बायकांना हाक मारणारं कुणी नसे. मुंबईत लालबाग, परळ, चिंचपोकळी, करी रोड इथे ज्यांचं बालपण गेलं, त्यांना ती गॅलरी आठवत असेल. एका अंगाला ओळीनं दहा बाय बाराच्या खोल्या, दुसऱ्या अंगाला लाकडी कठडा, कठड्यावर वाळत घातलेली लुगडी, आणि भिंतीला पाठ लावून बसलेल्या आमच्या आया, काक्या, मावश्या. जिन्यावरून कुणीही आलं की एकच हाक असे, "बस जरा."

त्या हाकेला नाही म्हणायची रीत नव्हती. दळण आणायला निघालेली बाई डबा मांडीशी ठेवून बसायची. पापडाचं पीठ कुटून दमलेली बसायची. सासूशी वाजलं म्हणून तणतणत बाहेर पडलेली तर हमखास बसायची.

मालवणच्या मावशी आमच्या शेजारच्या खोलीत. एखादीचं बिनसलंय हे त्यांना तिच्या चालीवरून कळायचं. पण विचारायच्या काही नाहीत. सरकून जवळ बसायच्या आणि तिच्याच ताटातले खडे वेचू लागायच्या. दोघींचे हात गुंतलेले, दोघींच्या नजरा तांदळावर. एक खडा, एक भाताचा दाणा, पुन्हा एक खडा. थोड्या वेळानं ती आपणहून बोलू लागायची, तेही तांदळाकडेच बघत. समोरासमोर बसून जे कधी ओठांवर आलं नसतं, ते असं खाली मान घालून बाहेर पडायचं. मावशी मध्येमध्ये नुसतं "हं गो बाय" म्हणायच्या. सल्ला द्यायच्या नाहीत. आम्ही पोरींनी हे इतक्यांदा पाहिलं, की आजही कुणाला काही विचारायचं असलं तर आमचा हात आधी लसूण सोलायला जातो.

मनाचं दुखणं ओळखायला लोकांकडे तेव्हा त्यांची म्हणून भाषा होती. जीव रमत नाही. करमत नाही. मनाला लावून घेतलंय. धसका घेतलाय. हाय खाल्ली. आणि प्रत्येकावर घरचा काहीतरी इलाज होता. जीव रमत नसेल तर डोक्याला कोमट खोबरेल आणि शेजारणीच्या बोटांनी पाऊण तास मालिश. धसका घेतला असेल तर मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट. रडून रडून डोळे सुजले असतील तर गूळ आणि पाणी, मग आल्याचा चहा. फारच झालं तर "चार दिवस माहेरी पाठवा तिला." दृष्ट निघायची का, ते बाजूला ठेवू. पण त्या पाच मिनिटांत कुणीतरी आपल्यासाठी उठलंय, आपल्या समोर उभं राहून आपल्यावरून हात फिरवतंय, हे त्या बाईला कळत होतं.

मे महिन्यात गावी गेलो की आजीचं जातं ऐकू यायचं. पहाटे चारला अंधारात घरघर सुरू व्हायची आणि तिच्याबरोबर ओव्या. आजी दिवसा सासरच्या माणसांबद्दल अवाक्षर काढायची नाही. जात्याशी मात्र सगळं बोलायची. भाऊ भेटायला आला नाही, लेक दूर दिली, पाय दुखतात, विठ्ठला तू तरी बघ. हेमा राईरकर आणि गी पॉइटविन यांनी महाराष्ट्राच्या गावागावांतून अशा एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. एवढ्या बायकांनी एवढं दुःख दळणाबरोबर दळून काढलं आणि उजाडल्यावर भाकऱ्या थापायला बसल्या. नागपंचमीचा झोका, मंगळागौरीचे खेळ, भोंडल्याची गाणी यांचंही तसंच. सासू-नणंदेला चारचौघींत नावं ठेवायची मुभा तिथे होती, आणि सासूही हसत टाळ्या वाजवायची.

आणि पत्रं. निळं अंतर्देशीय. "इकडील सर्व कुशल, तिकडील कुशल कळवावे," ही ओळ ठरलेली. खरा मजकूर शेवटी, घडीच्या पट्टीवर, आडवं धरून वाचावं लागेल अशा बारीक अक्षरात. माहेरी लेकीचं ते पत्र आलं की आई आधी ती पट्टी वाचायची. तिथे काही नसलं तर निश्चिंत. तिथे "यंदा पंचमीला दादाला नक्की पाठव" असं असलं, तर त्याच आठवड्यात दादाची गाडी निघायची. पोस्टकार्डाचा कोपरा फाडलेला, म्हणजे मरणाची खबर, दिसला की मात्र वाचायच्या आधीच गॅलरी गोळा व्हायची. मग त्या घरी दहा दिवस चूल बायकाच वाटून घ्यायच्या, कुणी पिठलं-भात, कुणी नुसती कढी.

पुरुषांचं काय? पुरुष बोलत नसत. "नाक्यावर जाऊन येतो," म्हणत आणि जात. शनिवारी रात्री भजन असे, पखवाज तापला की एरवी घुम्यासारखे राहणारे काका घसा फाटेपर्यंत गात आणि रविवारी हलके दिसत. पण गावी बायकापोरं ठेवून आलेल्या, गावकीच्या खोलीत वीस-वीस जणांत राहणाऱ्या माणसाची खबर खरी ठेवायची ती खाणावळवाली. आमच्या खालच्या मजल्यावर साताऱ्याच्या काकी डबे करत. ताट परत आलं की त्यात काय उरलंय ते बघत. "दोन दिवस अर्धी भाकरी टाकतोयस. गावाहून काय आलंय रं?" असं त्या भर पंगतीत विचारत. मग तो माणूस पंगत उठेपर्यंत रेंगाळायचा आणि हात धुता धुता सांगायचा. 1975 साली प्रेमा पुरव यांनी अशाच खाणावळवाल्यांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं, त्यांना बँकेची कर्जं मिळवून दिली. सावकाराच्या दारात उभं राहण्याची धास्ती गेल्यावर काकींसारख्या किती जणींना शांत झोप लागली असेल! मनाच्या स्वास्थ्याबद्दल बोलताना आपण पैशाची गोष्ट फार वेळा विसरतो.

ते 18 जानेवारी 1982 नंतर आम्हाला पुरतं कळलं. कामगार पुढारी डॉ. दत्ता सामंतांच्या मागे अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगार संपात उतरले. पहिले काही महिने उत्साह होता, सभा होत्या, घोषणा होत्या. मग गावची भातलावणी आली, गणपती आले, दिवाळी आली. भोंगा बंद झाला तरी साचेखात्यातली माणसं त्याच वेळेला जागी होत, आंघोळ करून कपडे घालून बसत. कुठे जायचं नव्हतं. दुपारी दोनला जिथे ताटं बाहेर यायची, ती जागा त्यांनी घेतली, कठड्याला टेकून रस्त्याकडे बघत. आमच्या आया मागच्या जिन्यावर सरकल्या. बोलणंही आटलं, कारण नवरा चार हातांवर उभा असताना बोलणार काय? त्यात पापड लाटून, डबे करून, धुणीभांडी करून घर आता त्याच चालवत होत्या, आणि ते बोलून दाखवलं तर त्याचं मन दुखेल ही आणखी एक काळजी. काही जण गावी गेले ते परत आलेच नाहीत. काही प्यायला लागले. काही नुसते गप्प झाले. संप मागे घेतल्याची घोषणा कधी झालीच नाही, आणि ती गप्प झालेली माणसंही पुन्हा पूर्वीसारखी बोलली नाहीत. "हाय खाल्ली त्यानं," एवढंच आम्ही म्हणत राहिलो. आज वाटतं, त्यांच्याजवळ बसायला हवं होतं. त्यांच्या हातात द्यायला आमच्याकडे तांदळाचं ताटही नव्हतं.

गॅलरीचे गोडवे गाताना हेही सांगितलं पाहिजे की तिथे सगळं बोलता येत नव्हतं. दुपारी सांगितलेलं संध्याकाळी नळावर पोहोचायचं. म्हणून नव्या सुना काय सांगायचं आणि काय पोटात ठेवायचं हे पहिल्या वर्षातच शिकायच्या. नवऱ्याची मारहाण भिंतीपलीकडे ऐकू जायची, पण सकाळी तिचा विषय निघत नसे. एका घरात बाळंतपणानंतर एक जण महिना-महिना रडत होती, बाळाला जवळ घेईना. तिला अंगारे लावले, बाहेरचं बघितलं, आळशी म्हटलं. डॉक्टर कुणी आठवला नाही. एका घरात आतल्या बाजूला एक आत्या असायची. पाहुणे आले की पडदा ओढला जायचा. ठाण्याचं मनोरुग्णालय 1901 पासून तिथे आहे, पण आमच्याकडे ठाण्याचं नाव शिवीसारखं घ्यायचे. त्या पडद्यामागच्या बाईला वेळेवर औषध मिळालं असतं तर ती आमच्याबरोबर गहू निवडायला बसली असती.

वारं बदललं ते हळूहळू. 1986 मध्ये पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या मदतीनं मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं. आमच्या चाळीतून जे दोघे-तिघे तिथे गेले, त्यांच्या बायकाही बैठकांना जाऊ लागल्या आणि आपलंच दुःख दुसरीच्या तोंडून ऐकून रडून आल्या, हलक्या होऊन आल्या. 1990 मध्ये ठाण्यातच डॉ. आनंद नाडकर्णींनी आयपीएच ही मानसिक आरोग्याची संस्था काढली. मन या विषयावर शहाणीसुरती माणसं भर सभागृहात बोलताना आम्ही पहिल्यांदा ऐकली. आता 2017 चा मानसिक आरोग्य सेवा कायदा आहे. 14416 हा टेलिमानस मदतवाहिनीचा क्रमांक आहे, रात्री-अपरात्री लावला तरी मराठीत बोलणारं माणूस मिळतं, पैसे पडत नाहीत. हा क्रमांक गॅसच्या नंबराशेजारी लिहून ठेवण्यासारखा आहे.

चाळ मात्र गेली. बीडीडी चाळीतली माणसंही 160 चौरस फुटांतून 500 चौरस फुटांत जाऊ लागली आहेत. आम्हीही टॉवरमध्ये आलो. घरात संडास आहे, दिवसभर पाणी आहे, म्हातारपणी आईला रांगेत उभं राहावं लागत नाही, याचा आनंद कुणी कमी लेखू नये. दारं मात्र लागली. पॅसेजमध्ये खुर्ची टाकली तर सोसायटीची नोटीस येते. मग खाली पोडियमवर पाच वाजता बायका जमू लागल्या. तांदूळ निवडून येतात आता, पण एकीनं मेथीची जुडी आणायला सुरुवात केली, दुसरीनं मटार. एकोणिसाव्या मजल्यावरची नवी मुलगी, घरूनच लॅपटॉपवर काम करणारी, आधी लांब बाकावर बसायची. हल्ली मटार सोलते आणि साहेबाला यथेच्छ नावं ठेवते.

माझी भाची दर गुरुवारी समुपदेशक बाईंकडे जाते. आईला हे कळलं तेव्हा तिनं आधी फी विचारली. मग, "काय बोलता गं तासभर?" असं विचारलं. नातीनं सांगितलं, झोप, कामाचा ताण, लग्नाचा विषय, भीती. आई बराच वेळ पुरणाची डाळ निवडत राहिली. खाली बघतच म्हणाली, "रात्री दोनला जाग येते मला. तुझे आजोबा गेल्यापासून. त्यांच्या संपातल्या दिवसांचं काही काही आठवतं. पोडियमवर नाही ते सांगता यायचं."

पुढच्या गुरुवारी दोघी एकत्र गेल्या. आईनं नातीला बाहेर बसायला सांगितलं. पाऊण तासानं बाहेर आली आणि म्हणाली, "पुढच्या आठवड्याची वेळ घेऊन ठेव. अर्धंच सांगून झालंय."