छातीवरचे अक्षर

खेळाडूंच्या बनियनवरची अक्षरे हा माझ्या कौतुकाचा विषय आहे. पुस्तकातले अक्षर अदबीने कानाशी बोलते. बनियनवरच्या अक्षराला मैदानापलीकडून हाक मारायची असते. म्हणून ते जाडजूड, रुंद खांद्यांचे, कोपरे छाटलेले! ही चाल अमेरिकेतल्या कॉलेजांची. हार्वर्डच्या बेसबॉल संघाने १८६५ साली सदऱ्यावर ‘एच’ चढवला, तो मात्र नक्षीदार होता. चौकोनी अक्षरे मागून आली. जाड कापड कापायचे तर कात्रीला गोलाईपेक्षा सरळ रेघच मानवते.

आमच्या पुण्याला मैदानाचे अप्रूप नाही. डेक्कन जिमखाना १९०६ सालचा. खो-खोला नियमांच्या चौकटीत बसवण्यात त्याचा मोठा वाटा. पण संध्याकाळी एखाद्या मैदानावर जाऊन पाहा, बहुतेक छात्यांवर रोमन अक्षरे! माझी भाची खो-खो खेळते. तिला कारण विचारले, तर म्हणाली, “मामा, मराठीत नाव घातलं की टीम गल्लीतली वाटते.”

मला ते लागले. पण पोरीचे अगदीच चुकत होते असे नाही. गेल्या वर्षी एका दुकानाने तिच्या संघाच्या बनियनवर ‘शक्ती’ छापून दिली, ती ‘शक् ती’ अशी, क चा पाय मोडून. पाय मोडलेली शक्ती छातीवर मिरवत धावायचे कसे?

दोष लिपीचा नव्हे. पण तिची तब्येत सांभाळावी लागते, हे खरे. रोमन अक्षरे सुटी उभी राहतात. आपली एका रेघेला लटकतात. वर मात्रा, खाली उकार. अक्षर जाड केले की पोटातली पोकळी बुजते. ‘ख’चे पाय खाली नीट जुळले नाहीत, तर लांबून ‘खो-खो’चा ‘रवो-रवो’ होतो!

तरीही हे जमते. मुंबईच्या ‘एक टाइप’ या मंडळींचा ‘मोदक’ नावाचा टंक पाहा. अक्षरे इतकी गुबगुबीत की पोकळ्यांच्या नुसत्या फटी उरल्या आहेत, तरी वाचताना अडत नाही. शिवाय तो कोणालाही फुकट वापरता येतो.

आणि हिशेबच मांडायचा, तर ‘महाराष्ट्र’ हा शब्द रोमनमध्ये अकरा अक्षरे खातो. आपल्याकडे चारांत भागतो. ‘पुणे’ तर दोनच! छाती तेवढीच, मग आपले अक्षर किती मोठे काढता येईल? नाव कमानीत बसवायचे, तर शिरोरेघ जरा वाकवावी. दारावरचे तोरणच ते!

गल्लीतले दिसण्याची लाज वाटावी असे त्यात काय आहे? खो-खो, कबड्डी गल्लीतच वाढले. लाज वाटायचीच, तर मोडक्या अक्षराची वाटावी. अक्षर धडधाकट काढून द्या. पोरी ते आपणहून छातीवर घेतील.