घाटातली ओढ

"मिस्त्री, सायलेन्सर मोकळा करून द्या. गाडी ओढतच नाही." कांद्याच्या हंगामात अहिल्यानगर जिल्ह्यातल्या गॅरेजांमध्ये हे वाक्य सारखं ऐकू येतं. गाडी बहुधा जुनी बोलेरो पिकअप, २५२३ सीसीचं टर्बो डिझेल इंजिन, हौद्यात काठोकाठ गोण्या. पाथर्डीकडून नगरला यायचं तर करंजी घाट, नेवासा-घोडेगावकडून यायचं तर इमामपूर घाट. दोन्हीकडून चढच. मालकानं मोबाइलवर परदेशातल्या पिकअप पाहिलेल्या असतात, मनगटाहून जाड पाइप, पोटात घुमणारा आवाज. तसा पाइप बसला की घाट सोपा होईल, असं त्याला मनापासून वाटतं.

त्याच्या म्हणण्यात तथ्य आहे. टर्बोच्या पुढं धुराला जितका कमी अडथळा, तितकं डिझेल इंजिन खूश. "थोडं बॅक प्रेशर लागतंच" असं सांगणारे मिस्त्री खूप आहेत, पण टर्बो डिझेलला ते लागू नाही. टर्बोचं चाक फिरतं ते त्याच्या आधीच्या आणि नंतरच्या दाबातल्या फरकावर. नंतरचा दाब उतरला की फरक वाढतो, चाक लवकर वेग घेतं, इंजिनाला हवा लवकर मिळते. पाइपाचं गणितही मोठं बोलकं आहे. दोन इंची नळीऐवजी अडीच इंची घेतली तर आतली जागा साधारण दीडपट होते, पण तेवढाच धूर जाताना सरळ नळीतला घर्षणाचा अडथळा जवळजवळ तिसऱ्या हिश्शावर येतो. हेच उलटंही खरं आहे. नळी एका वळणावर जरा चेपली की तिथं पुरता गळफास बसतो.

तरी मी आधी ग्राइंडर हातात घेत नाही. गाडी खड्ड्यावर घेतो आणि मॅनिफोल्ड आणि टर्बोच्या मधल्या गॅस्केटवर बॅटरी मारतो. तिथं काजळीचे काळे ओघळ दिसले तर धूर टर्बोला पोचण्याआधीच निसटतोय. मग चाक सुस्त, हवा कमी, डिझेल तेवढंच, आणि मागं काळा धूर. इंटरकूलरचा होज चिरलेला असतो, एअर फिल्टर मातीनं भरलेला असतो. निम्म्याहून अधिक गाड्यांची ओढ इथंच परत मिळते. सायलेन्सरला हात लावायची गरजच उरत नाही. मालकाचा थोडा विरस होतो, पण ज्याचा त्रास नाही त्याचे पैसे घेणं मला पटत नाही.

मोठ्या पाइपाची गोष्ट मी स्पष्ट सांगतो. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करू देत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही हेच बजावलं. आवाज आणि धुराच्या मर्यादा मोडल्या तर कलम १९०(२) खाली १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा ३ महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्हीही. बुलेटचे जप्त केलेले सायलेन्सर रोडरोलरखाली चिरडल्याच्या बातम्या आपण वाचतोच. म्हणून जाड पाइप मी फक्त स्पर्धेच्या, रस्त्यावर न येणाऱ्या गाडीला बनवतो. मालवाहू पिकअपला मूळ मापाचा पाइप, मूळ जातीचा सायलेन्सर, मूळ वाट. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असेल तर तो जागेवरच राहतो. बीएस सहाच्या गाडीचा धूरमार्ग तर मी कापतच नाही. तिथं फिल्टर आणि सेन्सर एकमेकांवर नजर ठेवून असतात, आणि त्यातलं काही काढून टाका म्हणणाऱ्याला माझ्याकडून नकार मिळतो.

मूळ मापातही करण्यासारखं खूप असतं. सडलेल्या पाइपाच्या जागी बाजारातला स्वस्त पाइप बसवलेला असतो, आणि तो प्रत्येक वळणावर दाबून चपटा झालेला असतो. चांगलं वाकवायचं तर नळीच्या आत गोळ्यांची साखळी धरून वाकवतात, त्यामुळं पोट गोल राहतं. जुने लोहार-मिस्त्री नळीत वाळू ठासून, तोंडं बंद करून, तापवून वाकवायचे. वाळू मात्र कोरडी ठणठणीत हवी. ओल राहिली तर आत वाफ होते आणि टोपण गोळीसारखं सुटतं. ही जुनी पद्धत मला अजून प्रिय आहे, एखाद्या अवघड वळणासाठी तरी.

धातूची निवड मी सांभाळून करतो. ३०४ जातीचं स्टेनलेस दिसायला देखणं, गंजायला कठीण, पण तापलं की फार वाढतं. तीन मीटरचा पाइप ३०० अंशांनी तापला तर ३०४ सुमारे १५ मिलिमीटर लांबतो, ४०९ जातीचं स्टेनलेस सुमारे १०. ही वाढ कुठंतरी गेलीच पाहिजे. म्हणून टर्बोनंतर बेलो, म्हणजे लवचिक जोड, आणि पुढं हँगरची रबरं. पाइप चॅसिसला घट्ट आवळला की तडा वेल्डिंगवर जातो आणि दोष वेल्डिंगवाल्याला लागतो. वेल्डिंगआधी बॅटरीची निगेटिव्ह काढायची, पाइप सगळ्या रबरांवर मोकळा टांगायचा, टाके मारायचे, आणि मगच खाली काढून आर्गननं पूर्ण जोडायचा. रिकाम्या गाडीखाली सगळं छान दिसतं. माल भरला की पाटे सपाट होतात, मागच्या अॅक्सलचं हाउसिंग वर येतं आणि पाइपावर आदळतं. म्हणून अंतर बघायचं ते भरलेल्या गाडीत. ब्रेकच्या नळीपासून आणि स्टेपनीपासूनही.

मग तपासणी. आमच्या नगरजवळच वाहननगरला डीआरडीओची व्हीआरडीई ही संस्था आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम १२६ मध्ये वाहनं तपासणाऱ्या संस्थांच्या यादीत तिचं नाव आहे. गाडीबद्दलचं मत मोजमापानंतर द्यायचं, ही सवय या शहरातल्या मिस्त्रीनं तरी लावून घ्यावी असं मला वाटतं. जागेवर उभ्या गाडीला रेस देऊन काहीच कळत नाही. भार नसेल तर टर्बो दाब धरत नाही. आवाजावर तर अजिबात भरवसा नको. मोठा आवाज ऐकून चालवणाऱ्याला गाडी पळतेय असं वाटतं, पण घड्याळ तसं म्हणत नाही. मी सायलेन्सरच्या आधी दाबाचं डायल लावतो, टर्बोनंतर तापमानाचा थर्मोकपल. तोच माल, तोच घाट, सकाळची तीच थंड वेळ, तोच गिअर, कामाआधी एकदा आणि कामानंतर एकदा. आधीचा पाइप खरोखर चोंदलेला असेल तर डायलचा काटा खाली येतो, धूर थंड होतो, आणि पुढं रोजच्या खेपेत जिथं दुसरा गिअर टाकावा लागायचा तिथं तिसरा टिकतो. आधीचा पाइप ठीक असेल तर फरक नगण्य, आणि तो तसाच सांगायचा. अॅव्हरेजसाठी टाकी फुल टू फुल, तीही त्याच पंपावर.

गळतीची तपासणी मी सगळ्यात जास्त वेळ करतो. निंदणी-खुरपणीला जाणाऱ्या बाया याच पिकअपच्या हौद्यात बसतात. पाइप हौद्याखाली फुटला तर धूर फटींतून सरळ त्यांच्या नाकात जातो. डिझेलचा धूर कर्करोग करतो हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २०१२ मध्ये निःसंदिग्धपणे नोंदवलं. थंड इंजिन चालू करून मागचं तोंड जाड फडक्यानं क्षणभर दाबायचं आणि प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी सोडायचं. बुडबुडा दिसला तर गाडी बाहेर जात नाही.

शेवटी पीयूसी. बीएस चारच्या आधीच्या डिझेलला ६५ हार्ट्रिज युनिटची मर्यादा आहे. नव्या पाइपानंतरही आकडा चढाच राहिला, तर गाडी नोझल आणि पंपाच्या मिस्त्रीकडं पाठवायची. मालकाला एक गोष्ट लिहूनच देतो. पहिल्या दोन-तीन भरलेल्या खेपांनंतर फ्लँजचे नट पुन्हा आवळायला आणा, गाडी थंड असताना.