सुलतानपूरचा वाचक

लेख प्रसिद्ध झाला की तो किती जणांनी वाचला हे पाहण्याचा मोह मला आवरत नाही. छापील पुस्तकाच्या बाबतीत हा प्रश्न आवृत्ती संपेपर्यंत तहकूब राही. आंतरजालावर तो दर तासाला विचारता येतो. मिळणारे उत्तर नेमके कोणत्या प्रश्नाचे असते, हे मात्र आपण क्वचितच पाहतो.

एके काळी संकेतस्थळांची प्रतिष्ठा अलेक्साच्या क्रमांकावर तोलली जाई. १९९६ साली निघालेली ही कंपनी १९९९ मध्ये ॲमेझॉनने घेतली. १ मे २०२२ रोजी ती सेवा बंद झाली. प्रारंभीची बरीच वर्षे तिची क्रमवारी मुख्यतः आपल्या ब्राउझरमध्ये अलेक्साची पट्टी बसवून घेणाऱ्यांच्या भ्रमंतीवरून काढली जाई. मूठभर हौशी लोकांवरून जगाच्या वाचनाचा अदमास! २००५ मध्ये आलेल्या गूगल ॲनालिटिक्सने पानातच नोंदणीची तजवीज केली, तरी तेथेही मोजला जातो तो प्रामुख्याने ब्राउझर. सायबर कॅफेतल्या एका यंत्रावर दहा जणांनी वाचले तर वाचक एक. एकानेच घरी आणि भ्रमणध्वनीवर वाचले तर दोन.

माझे गाव सुलतानपूर, बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणार तालुक्यातले. तेथून कोणी मोबाईलवर लेख उघडला, तर त्याचे ठिकाण कंपनीच्या जाळ्यावरून अनुमानले जाते आणि नोंद बहुधा दूरच्या एखाद्या महानगराच्या नावे पडते. मुंबईचे आकडे फुगतात, गाव कोरेच राहते. गावाच्या नावाचा शोध किती घेतला जातो हे पाहावे, तर रोमन लिपीत उत्तर प्रदेशातला सुलतानपूर जिल्हा आड येतो. देवनागरीत मात्र हिंदीतले ‘सुल्तानपुर’ आणि आपले ‘सुलतानपूर’ वेगळे पडतात. ऱ्हस्व-दीर्घाला कंटाळलेल्या विद्यार्थ्यांना सांगण्याजोगे हे उदाहरण आहे.

त्यातल्या त्यात विकिपीडियाची पानवाचनाची आकडेवारी मला प्रामाणिक वाटते. ती जुलै २०१५ पासून कोणालाही पाहता येते, आणि यंत्रांनी मारलेले फेरे माणसांच्या भेटींपासून शक्य तितके वेगळे काढते. तरीही पान उघडणे म्हणजे वाचणे नव्हे. समीक्षेत ज्याला आपण आस्वाद म्हणतो, त्याची जागा येथे पानावर घालवलेल्या सेकंदांनी घेतली आहे. आणि चहा घ्यायला उठलेला माणूसही कधीकधी रसिक ठरतो.

गावातल्या एका निवृत्त गुरुजींसाठी मी लेख कागदावर छापून नेतो. ती प्रत पुढे आणखी दोन-तीन घरी जाते. यांतला एकही वाचक कोणत्याही मोजणीत येत नाही. मागच्या लेखाची प्रत परत आली तेव्हा तिसऱ्या परिच्छेदाशी लाल शाईने लिहिले होते : ‘पुनरुक्ती. काढा.’ मी तो परिच्छेद काढला. त्या आठवड्याचे आकडे पाहायचे राहूनच गेले.