वणवा लावणारा आपल्यातलाच असतो

परवा रात्री समोरच्या डोंगरावर परत लाल रेघ दिसली. अकरा जणं वर गेलो, ओल्या फांद्यांनी झोडून दीड वाजता विझवली. सकाळी पारावर जो तो म्हणतोय, "कोणी लावला कोण जाणे!"

डोंगर आपसूक पेटत नाही. कोणी नवं गवत फुटावं म्हणून काडी लावतो, कोणी डुकरं बाहेर काढायला, कोणी बांध साफ करायला.

मी कोणाकडं बोट दाखवत नाही, कारण एक वणवा माझ्या हातचा आहे. बारा वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये भर दुपारी राब भाजायला घेतला. वारा सुटला, जाळ बांधावरनं माळावर गेला. शेजारच्या अण्णांची चाळीस कलमं, तीन उन्हाळे डोक्यावरनं पाणी आणून जगवलेली, डोळ्यांदेखत करपली. आळ आला गुरं राखणाऱ्या पोरावर. त्यानं बोलणी खाल्ली, मी गप्प बसलो. अण्णा गेले, तरी गप्पच.

परवा पारावर ते सांगून टाकलं. अण्णांचा थोरला उठून निघून गेला. बरोबरच आहे त्याचं. पण नंतर आणखी दोघांनी आपापलं कबूल केलं, आणि मग कामाचं बोलणं सुरू झालं.

जाळल्यावर हिरवे कोंब दिसतात खरे, पण दरसाल जाळलं की मारवेल, पवन्या कमी होतात आणि कुसळी माजते. तितर-लाव्ह्यांची अंडी जातात. उघड्या डोंगराची माती पहिल्या वळवात ओढ्याला लागते.

आमचं ठरलं ते असं. गवत वाळून कोळ व्हायच्या आत कापून वाटून घ्यायचं. माळ आणि जंगलाच्या मध्ये बारा फुटांचा पट्टा साफ ठेवायचा. राब भाजायचा तो सकाळी, वारा नसताना, चार माणसं आणि पाण्याचे हंडे जवळ ठेवून, शेजाऱ्याला सांगून. धूर दिसला की वनखात्याच्या १९२६ नंबरला फोन.

राखीव जंगलात आग लावणं १९२७ च्या वन कायद्यानं गुन्हा आहे. पण रात्री डोंगरावर गार्ड एकटा किती पुरणार? काडी ओढणारा हात गावालाच ठाऊक असतो.

पावसाळ्यात अण्णांच्या बांधावर चाळीस खड्डे मी काढणार आहे. थोरला हो म्हणाला तर.