कुण्या गावचे पाव्हणे?

आमच्या कड्याला नवा माणूस आला की पाण्याचा तांब्या पुढं करता करताच प्रश्न येतो, "कुण्या गावचे पाव्हणे?" नाव नंतर. गाव कळलं की सोयरीक, भाऊबंदकी आणि उधारी या तिन्हींचा अंदाज येतो. संगणकवाले तरी सुधारले असतील असं मला वाटे. पण तिथंही हेच!

माझ्या भाच्यानं एका दूध संकलन केंद्राची वेबसाइट केली आहे. अशा सर्व्हरवर या मंडळींची काही हत्यारं असतात. एकात चूक कुठल्या ओळीत आहे ते दिसतं, तर दुसऱ्यात अख्खा डेटाबेस खतावणीसारखा उघडतो. त्यात शेतकऱ्यांचे खातेक्रमांक. मी घाबरून म्हटलं, "अरे, हे उघड्यावर?"

"नाही मामा, आयपी पत्ता बघून आत सोडतो."

हा पत्ता म्हणजे टिंबं घातलेले चार आकडे, प्रत्येक ० ते २५५ मधला. त्यात १२७.०.०.१ म्हणजे 'मी याच घरचा'. २०११ साली सिम्फनी नावाच्या प्रणालीची दुसरी आवृत्ती आली. तिच्यातलं हत्यारांचं दार या घरच्या पत्त्यालाच उघडे. बाकीच्यांना 'परवानगी नाही'.

भाच्यानं घरच्या इंटरनेटचा पत्ता यादीत घातला. रात्री लाइट गेली, राउटर पुन्हा सुरू झाला, कंपनीनं नवा पत्ता दिला. सकाळी साहेब स्वतःच्याच दारात परके! मी हसलो नाही. सही जुळेना म्हणून स्वतःच्याच पैशांसाठी ताटकळणारी माणसं मी रोज काउंटरवर बघतो.

खरी गंमत पुढं आहे. सर्व्हरपुढं त्याच मशीनवर प्रॉक्सी नावाचा शिपाई बसवला, की येणारा जो तो शिपायाच्या पत्त्यानं आत येतो. सगळं जग घरचंच! मूळ पत्त्याची चिठ्ठी शिपाई पुढं पाठवू शकतो. पण चिठ्ठी काय, कुणीही लिहील. म्हणून सिम्फनीच्या पुढच्या आवृत्त्यांत अशी चिठ्ठी दिसली की दार बंद.

'आतलाच आहे' या विश्वासाची किंमत आम्हां बँकवाल्यांना ठाऊक आहे. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर सायबर हल्ला झाला. खऱ्या यंत्रणेच्या जागी चोरांच्या खोट्या स्विचनं 'द्या पैसे' म्हटलं आणि देशोदेशीच्या एटीएमनी दिले. एकूण ९४ कोटींवर रक्कम गेली.

म्हणून आमच्या स्ट्राँगरूमला दोन किल्ल्या असतात, दोन माणसांकडे. मॅनेजरसाहेब कितीही ओळखीचे असोत, एका किल्लीनं ती उघडत नाही. भाच्याला म्हटलं, "बाबा, पत्ता जरूर बघ, पण पासवर्डही माग. आणि गिऱ्हाइकाच्या दुकानात हत्यारं ठेवायचीच कशाला?"

त्यानं ती सर्व्हरवरून काढली आणि घरच्या मशीनवर नेली. आता तिथवर पोचायचं तर आमच्या ताईच्या स्वयंपाकघरातून जावं लागतं. तिथं पत्ता चालत नाही, पासवर्ड चालत नाही. आधी चपला बाहेर काढाव्या लागतात.