आज रात्री पाठवते

'आज रात्री पाठवते' हा मेसेज मी सलग ४ दिवस पाठवला. भाषांतर ४० पानांचं, झालेली पानं ११. पाचव्या दिवशी संपादकबाईंचा फोन आला. मी तो नुसता वाजू दिला. मग आईचाही. बाथरूममध्ये नळ सोडून बसले. हात थरथरत होते. फोन वाजला की कुणीतरी काहीतरी मागायलाच आलंय, असं वाटायचं.

संध्याकाळी मीच फोन करून खरा आकडा सांगितला. त्या वैतागल्या. "अगं, सोमवारीच सांगायचं ना! निम्मं दुसऱ्या कुणाला दिलं असतं."

मागची कामं लांबली होती हे ठाऊक असूनही हे वेळेत होईल असं वाटणं, याला काहनेमन आणि ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये 'प्लॅनिंग फॅलसी' म्हटलं. त्यांचं म्हणणं, अंदाज मनाला विचारू नये, जुन्या कामांना विचारावा. मी जुन्या फायलींच्या तारखा काढल्या. दिवसाला ८ पानं होतील असं मी सगळ्यांना सांगत आले होते. होत होती ५. तीही लाइट गेली नाही तर.

आता ५च सांगते. त्यापायी एक काम गेलं, त्यातून महिन्याचं भाडं निघणार होतं. झोप मात्र लागते. रोज नाही.

परवा ताप आला. त्याच दुपारी कळवलं, दोन दिवस जास्त लागतील. उत्तरात नुसता अंगठा आला. मी तो बराच वेळ बघत बसले.